सहाव्या मजल्याचं मत

रविवारी सकाळी साडेदहा वाजता, इमारतीच्या वार्षिक सभेत, सहाव्या मजल्यावर राहणारा आणि कॉलेजात शिकणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “खरं सांगू का, धडधाकट माणसाला लिफ्ट लागतेच कशाला?”

टाळ्या पडल्या. तळमजल्याच्या रहिवाशांनी जरा जास्तच वाजवल्या.

सभेपुढचा विषय साधा होता. लिफ्ट काही आठवडे मधेच आचके देत होती, दुरुस्तीवाल्याने मोठं काम निघेल असं सांगितलं होतं, आणि ते आत्ता करायचं की पुढच्या वर्षावर ढकलायचं एवढंच ठरवायचं होतं. ढकललं तर तोपर्यंत लिफ्ट बंद. मुलाला हे माहीत होतं. सेक्रेटरींनी ते वाचून दाखवलं तेव्हा तो समोरच बसला होता. पण टाळ्या हा प्रकार त्याच्या आयुष्यात तोवर फारसा आलेला नव्हता, आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा त्या अजून कानात होत्या. त्याने हात वर केला. काम ढकलायचा ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

ते मतही त्याचं नव्हतं. आत्याचं होतं. घर आत्याचं, सभासद आत्या. तिचे गुडघे तासभर खुर्चीत मुडपून बसू देत नाहीत म्हणून तिने भाच्याला आपल्या वतीने पाठवलं होतं. निघताना दारात तिने बजावलं होतं, “तोंड बंद ठेव आणि लिफ्टच्या बाजूने हात वर कर.” सूचना दोनच होत्या. दोन्ही त्याने उलट्या पाळल्या.

हे सगळं सुरू झालं ते अर्थशास्त्राच्या तासाला. तास तिसऱ्या मजल्यावर असे. मुलगा धापा टाकत वर्गात शिरला, बाकावर बसला, आणि प्राध्यापकांनी खडू खाली ठेवला. “तुमचा श्वास मागून येतोय वाटतं,” ते म्हणाले. “तो पोचला की सुरू करू.” वर्ग हसला. ज्यांनी हसू नये असं त्याला फार वाटत होतं, त्यांच्यापैकी दुसऱ्या बाकावरची एकजणही हसली. त्याच दिवशी त्याने व्यायाम करायचं ठरवलं.

व्यायामशाळा कॉलेजातच होती. मात्र तिथे नाव घालायला कॉलेजच्या डॉक्टरांचा दाखला लागे. डॉक्टरांनी त्याला उठाबशा काढायला लावल्या, छातीला नळी लावली आणि मान हलवली.

“दम लागतो तुला. दाखला नाही देता येणार.”

“मग मी काय करू?”

“व्यायाम कर. सुधारलास की ये.”

मग त्याने रस्त्यावर धावायचं ठरवलं. पहिल्याच सकाळी तो बसथांब्याजवळून धावत असताना सुटलेली बस थांबली. ड्रायव्हरने दार उघडलं, आतल्या दोन बायकांनी हात करून त्याला बोलावलं, एक म्हातारे गृहस्थ “चढ, चढ, धीर सोडू नकोस” असं ओरडले. एवढ्या लोकांनी आपल्यासाठी बस थांबवली असताना मी नुसताच धावतोय असं सांगणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. तो चढला. तिकीट काढलं. दोन थांबे पुढे उतरला आणि चालत परत आला, कारण धावलो तर पुन्हा कोणीतरी बस थांबवेल अशी भीती होती.

नंतर घरात दोरीच्या उड्या. पाचव्या मजल्यावर, बरोबर त्याच्या खोलीच्या खाली, एक दातांचे डॉक्टर राहात आणि तिथेच पेशंटही बघत. तिसऱ्या संध्याकाळी ते हातात दाढ काढायचा चिमटा घेऊनच वर आले.

“काय चाललंय हे?”

“व्यायाम, काका.”

“तुझा व्यायाम होतो आणि माझ्या खुर्चीतल्या माणसाची चांगली दाढ जाते. मला किडकीच काढायची असते रे.”

राहिला जिना.

आत्याचा व्यायामावर अधिकार होता. उभी हयात तिने शाळेत कवायत शिकवली होती. मुलींबरोबर स्वतःही उड्या मारल्या होत्या, आणि गुडघे तिथेच ठेवून निवृत्त झाली होती. “चढ खुशाल,” ती म्हणाली, “पण उतरताना लिफ्टने ये. माझे गुडघे चढताना नाही गेले, उतरताना गेले. ते कुणी सांगत नाही.” हाडांच्या डॉक्टरांनी तिला जिना पूर्ण बंद केला होता. रोज संध्याकाळी साडेपाचला ती लिफ्टने खाली जाई आणि फाटकाजवळच्या बुटक्या भिंतीवर बसे. समोरच्या इमारतीतून बाई येत. बाई म्हणजे तिच्याच शाळेत गाणं शिकवणाऱ्या. शाळेत असताना दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं आणि निवृत्तीनंतरही त्यांनी ही शिस्त सोडली नव्हती. अंधार पडेपर्यंत भांडायच्या आणि उठताना “उद्या लवकर ये गं” म्हणायच्या.

तर जिना. पहिल्या आठवड्यात मुलगा दर मजल्यावर थांबे, आणि थांबणाऱ्याला सल्ला देणं लोकांना सोपं जातं. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले म्हणाले, नाकाने श्वास घे. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू म्हणाल्या, नाकाने काय घेतोस, तोंड उघड, जीव जाईल. चौथ्या मजल्यावरच्या विमा एजंटांनी श्वासाबद्दल काही मत दिलं नाही. त्यांनी फक्त त्याचं वय विचारलं आणि माहितीपत्रक हातात ठेवलं.

पुढे पुढे तो थांबेनासा झाला, तेव्हा कामं सुरू झाली. “वर चाललाच आहेस तर एवढी पिशवी दे रे चौथ्यावर.” “खाली जाशील ना, तेव्हा ही इस्त्री टाक.” शिवणकामवाल्या काकूंनी त्याला ‘पैलवान’ म्हणायला सुरुवात केली. त्या चेष्टेने म्हणत. त्याने ते मनापासून घेतलं. इमारतीत त्याचं तेच नाव पडलं आणि यापुढे आपणही तेच वापरू, कारण ते नाव लागलं नसतं तर पुढचं घडलंच नसतं अशी शंका घ्यायला जागा आहे.

व्यायामाचा गुण आला, हे कबूल केलं पाहिजे. अर्थशास्त्राच्या तासाला पैलवान आता श्वासासकट पोचे. प्राध्यापकांच्या हे लक्षात आलं नाही, याची त्याला रुखरुख लागली. मग कुणाच्या तरी लक्षात यावं म्हणून तो लिफ्टसमोर ताटकळणाऱ्या लोकांकडे जाता जाता करुणेने बघू लागला. सभेतलं भाषण म्हणजे ती करुणाच होती. ती तोवर नुसती नजरेत होती, त्या दिवशी तिला शब्द फुटले.

सभेनंतर तो घरी आला तेव्हा आत्या पालक निवडत होती.

“झाली सभा? लिफ्टचं काय ठरलं?”

“चर्चा झाली.”

“ती होणारच. ठरलं काय?”

“कळवतील म्हणाले.”

कळवलं दुसऱ्या दिवशी. तळमजल्यावर लिफ्टच्या दाराला साखळी आली आणि साखळीला सूचना. सेक्रेटरी स्वभावाने कृतज्ञ होते. त्यांनी सूचनेत ठरावाखाली एक ओळ वाढवली होती: ‘सहाव्या मजल्याने या बाबतीत घालून दिलेला आदर्श सर्वांनी गिरवावा.’ आत्या साडेपाचला बाहेर आली, तिने बटण दाबलं, वाट पाहिली, पुन्हा दाबलं. माहितीपत्रकं वाटत वर आलेल्या विमा एजंटांनी तिला सूचना तोंडी सांगितली आणि आदर्शाबद्दल अभिनंदनही केलं.

पैलवान कॉलेजातून आला तेव्हा ती खुर्चीत बसली होती, बाहेर जायच्या साडीत.

“मत दिलंस?”

“हो.”

“कुठला हात वर केलास?”

“उजवा.”

“कोपर वाकलं होतं?”

“नाही. सरळ होता.”

“मग ठीक आहे,” आत्या म्हणाली, आणि साडी बदलायला आत गेली.

ती चिडली असती तर पैलवानाला बरं वाटलं असतं. चिडलेल्या माणसापुढे मान खाली घालता येते. आत्याने त्याला जेवायला वाढलं, भाजी पुन्हा घे म्हणाली, आणि मग सहज सांगावं तसं सांगितलं, “बाई महिनाअखेरीला चालल्या. मुलीकडे, कायमच्या. घर काढून टाकलंय. कालच म्हणाल्या, जाईपर्यंत रोज ये, बरंच भांडायचं राहिलंय.”

बाईंना फोनवर ऐकू येत नसे. येत नसे म्हणण्यापेक्षा त्या स्वतःच बोलत आणि झालं की ठेवून देत. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला बाई खाली भिंतीजवळ उभ्या राहात आणि आत्या सहाव्या मजल्याच्या गॅलरीत. बाई गाण्याच्या, त्यांचा आवाज वर येई. आत्या कवायतीची, तिचा आवाज खाली जाई. पण सहा मजले ओरडून भांडता येतं, बोलता येत नाही. शिवाय दोन्ही इमारती ऐकत. तिसऱ्या दिवशी बाई खालून एवढंच म्हणाल्या, “बरी आहेस ना?” आणि आत्या वरून म्हणाली, “बरी आहे.” दोघींच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत एवढं सभ्य बोलणं कधी झालं नव्हतं. पैलवान आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसला होता. तो ते पुस्तक उलटं धरून बसला होता असं म्हणायचा मोह होतो, पण ते सुलट होतं. वाचत मात्र नव्हता.

त्या संध्याकाळी तो सेक्रेटरींकडे गेला.

“काका, तो ठराव बदलायचाय.”

“का? तुझीच तर कल्पना.”

“आत्याला खाली उतरता येत नाही.”

“अरे, मग हे सभेत बोलायचं! तू प्रतिनिधी होतास ना तिचा?” सेक्रेटरी खरोखरच हळहळले. मग त्यांनी नियम समजावून सांगितला. मंजूर ठराव फिरवायचा तर खास सभा हवी. खास सभेला दोन-तृतीयांश सभासदांच्या सह्या हव्यात. सह्या कोणी गोळा करायच्या? ज्याला गरज आहे त्याने. “तुला काय, जिना चढायची सवयच आहे.”

पैलवान दारोदार गेला. प्रत्येक दारात त्याला त्याचंच भाषण भेटलं.

“तू म्हणालास धडधाकट माणसाला लिफ्ट लागत नाही,” बँकवाले म्हणाले. “ते मला पटलं. आता उलटं पटवून दे.”

शिवणकामवाल्या काकू दारातच म्हणाल्या, “नको रे बाबा. तुझं ऐकून आमचे हे रोज दोनदा चढतात आता. त्यामुळे घरात कटकट कमी झालीय, बोलायला दमच उरत नाही त्यांना.”

“आत्यासाठी विचारतोय, काकू.”

काकूंनी सुई ब्लाउजला टोचून ठेवली. “तिला जिना उतरवत नाही हे माहीत होतं तुला?”

“हो.”

“आणि हात वर केलास?”

पैलवानाने कागद पुढे केला. काकूंनी सही केली. सही करताना त्यांनी त्याला पैलवान म्हटलं नाही, पहिल्यांदाच.

दातांच्या डॉक्टरांनी सही लगेच दिली, पेशंट चढत नाहीत म्हणून. विमा एजंटांनी माहितीपत्रकाचं काय झालं ते आधी विचारलं. पण सह्या झाल्या, खास सभा झाली, तीत पैलवान एक अक्षर बोलला नाही, आणि ठराव फिरला. मेकॅनिक आला, दोन दिवस गच्चीवरच्या यंत्रखोलीत ठोकाठोक करून गेला. आता फक्त सरकारी निरीक्षकांनी पाहून शिक्का मारायचा होता.

निरीक्षक शुक्रवारी दुपारी आले. सद्गृहस्थ होते, पण देहाने ऐसपैस. त्यांनी साखळीकडे पाहिलं.

“यंत्रखोली कुठेय?”

“गच्चीवर,” पैलवान म्हणाला.

“मग चला लिफ्टने.”

“लिफ्ट बंद आहे, साहेब. तुम्ही शिक्का मारलात की सुरू होईल.”

“बघितल्याशिवाय शिक्का कसा मारू?”

“म्हणून तर जिन्याने...”

पैलवानाने त्यांच्यासाठी जिवाचं रान केलं. पहिल्या मजल्यावर खुर्ची आणली, दुसऱ्यावर पाणी. नाकाने श्वास घ्या म्हणाला, नंतर तोंडाने घ्या म्हणाला. तिसऱ्या मजल्यावर निरीक्षक कठड्याला टेकले, छातीवर हात ठेवला आणि वर न बघता म्हणाले, “माझ्या घरी बायको आहे, दोन मुली आहेत.” कागदावर त्यांनी ‘तपासणी अपूर्ण’ असा शेरा मारला. दुसऱ्या निरीक्षकाला पाठवतो, पुढच्या आठवड्यात, असं सांगून ते भिंत धरत उतरले.

बाई शनिवारी सकाळी जायच्या होत्या.

शनिवारी जावयाची गाडी फाटकात लागली तेव्हा पैलवान आत्यापुढे उभा राहिला. “आत्या, मी नेतो तुला.”

“कशावरून?”

“खुर्चीवरून. डॉक्टरकाका एक बाजू धरतील.”

आत्याने पदर खोचला. मग ती प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसली, पाठ ताठ, हात मांडीवर, फोटो काढायला बसावं तशी. पैलवानाने पाठीमागून उचललं, दातांच्या डॉक्टरांनी पुढून. पाचव्यापर्यंत ठीक झालं. वळणावर खुर्चीचे पाय कठड्यात अडकले. पुढे सरकवली तर डॉक्टर भिंतीला चिकटले, मागे ओढली तर आत्या पुढे कलली.

“माझी बोटं!” डॉक्टर ओरडले. “माझं पोट या बोटांवर आहे!” त्यांनी खुर्ची सोडली, आणि पैलवानाने ती तशीच अडकलेली कशीबशी पायरीवर टेकवली.

मग तो आत्यापुढे पाठ करून वाकला. “बस.”

“पाठीवर?”

“बस गं, आत्या. वेळ नाही.”

ती बसली. त्याने तिला पाठीवर घेऊन चौथा मजला गाठला. त्याच्या पायात जोर होता, त्या बाबतीत त्याने कुणाला फसवलं नव्हतं. पण इतके महिने तो स्वतःचं वजन, फार तर कुणाची भाजी, घेऊन चढला होता. माणूस घेऊन उतरणं वेगळं असतं. चौथ्याच्या खाली त्याचे गुडघे लटलटायला लागले. आत्याला ते पाठीवरून कळलं.

“थांब,” ती म्हणाली. शाळेच्या मैदानावर जसं म्हणत असेल तसं. “खाली ठेव. सावकाश. पाठ वाकवू नकोस.”

पुढच्या पायऱ्या ती आडवी होऊन, कठडा दोन्ही हातांनी धरून उतरली, त्याने मागून खांदा धरला होता. तिसऱ्या मजल्याच्या थोडं वर तिचा उजवा गुडघा आखडला. ती पायरीवरच बसली. चेहरा पांढरा पडला होता.

खालून पावलांचा आवाज येत होता, एकेक, थांबत थांबत.

“बाई?” आत्याने विचारलं.

“येतेय गं,” बाई खालून म्हणाल्या. “मी म्हटलं ही बया काही येत नाही, आपणच जावं.” मग खोकला, मग आणखी दोन पावलं. “दुसऱ्यापर्यंत आलेय. आता नाही जमत.”

दोघींच्या मध्ये एक मजला होता. जिन्याच्या मधल्या फटीतून आत्याला बाईंचा हात दिसत होता, कठड्यावर ठेवलेला, एवढंच. पैलवान दोन पायऱ्या खाली उतरला, पुन्हा वर आला. कुणाला उचलून कुणाकडे न्यावं हे त्याला कळत नव्हतं, आणि दोघींपैकी कुणालाही उचलायची ताकद त्याच्यात उरलेली नव्हती.

“आत्या, मी आणू का त्यांना वर? हळूहळू...” तो म्हणाला.

“तू गप्प बस,” आत्या म्हणाली. मग खाली वाकून, “तुझी ती पेटी घेतलीस का बरोबर?”

“घेतली. सूर गेलाय तिचा, तरी घेतली.”

“सूर कधी होता?”

“तुझ्या शिट्टीपेक्षा बरा होता.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला. जावई सभ्य होते, आधी एकदाच वाजवला. मग दोनदा.

“जाते,” बाई म्हणाल्या.

“जाते काय म्हणतेस, येते म्हण.”

“येते म्हटलं तर खोटं होईल गं.” कठड्यावरचा हात उचलला गेला, पुन्हा टेकला. “गुडघा शेक. गरम पाण्याने. ऐकत जा कधीतरी कुणाचं.”

“शेकते.”

पावलं खाली गेली, एकेक, थांबत थांबत. आत्या गाडी सुरू होईपर्यंत पायरीवर बसून राहिली. मग तिने भाच्याला हात दिला आणि दोघं वर चढू लागले. वर चढणं तिला उतरण्यापेक्षा सोपं गेलं. पाचव्यावर अडकलेली खुर्ची त्याने दुसऱ्या दिवशी सोडवून आणली.

पुढच्या आठवड्यात दुसरे निरीक्षक आले. हे सडपातळ होते. न थांबता गच्चीवर गेले आणि शिक्का मारून उतरले. साखळी निघाली. सेक्रेटरींनी नवी सूचना लावली, तीत या वेळी कोणाचा आदर्श नव्हता. कॉलेजच्या डॉक्टरांनी पैलवानाची छाती तपासून दाखला दिला. तो अजून त्याच्या वहीत घडी करून पडला आहे, व्यायामशाळेत तो गेलेला नाही. जिना मात्र तो चढतो. लिफ्टमध्ये पाऊल ठेवायला त्याला संकोच वाटतो, असं त्याने शिवणकामवाल्या काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, संकोच करायची वेळ होती तेव्हा केला नाहीस.

आत्याच्या गुडघ्याची सूज उतरली आहे. गेले कितीतरी दिवस संध्याकाळी ती गॅलरीतही जात नव्हती. पैलवानाने एकदा चाचरत म्हटलं, लिफ्ट आता छान चालते. “चालू दे,” ती म्हणाली. “खाली जाऊन कुणाशी भांडू?”

आज साडेपाचच्या सुमाराला पैलवान जिन्याने वर आला तेव्हा लिफ्ट सहाव्या मजल्यावर उभी होती. दार उघडं होतं. आत आत्या होती, इस्त्रीच्या साडीत, एक हात दाराच्या कडेला, दुसरा बटणांच्या पट्टीपाशी. पैलवान वरच्या पायरीवर थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, बटणही दाबलं नव्हतं.